माळाचं पाणी माळावर

सावळखेड, ता. जिंतूर
रविवार, २६ जून १९७७

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

माय बरी आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पूर्णेला येणाऱ्या कुणीतरी तुला स्टेशनवर गाठून सांगितलंच असेल की आपल्या वस्तीत पाणी शिरलं आणि घर पडलं. पडलं ते शेजारच्या बायनाबाईंचं, आणि तेही अख्खं नाही, वरच्या अंगाची भिंत तेवढी. आपल्या घरात पाणी चुलीपर्यंत आलं. मायने पिठाचा डबा आणि माझी पुस्तकं बाजेवर ठेवली, स्वतः उंबऱ्यात बसली आणि पाणी ओसरेपर्यंत पावसाला अशा शेलक्या शिव्या दिल्या की तशातही मला हसू आवरेना. "चूल इझली, बाकी काय न्हाई, तू काळजी करू नको म्हनून लिव्ह त्याला," असं तिने सांगितलंय. ते लिहिलं. आता मला जे लिहायचं आहे ते जरा लांबणार आहे. दिवसभर रुळांवर हातोडा मारून आल्यावर लगेच वाचू नकोस. जेवण कर, मग वाच. आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखव.

तू म्हणशील, खालच्या वस्तीत पाणी आलं यात नवीन काय? आपण लहान असताना ओढ्याचं पाणी यायचंच. पण ते खालून यायचं. हळूहळू चढत, आधी उकिरडा, मग बाभळीचं खोड, मग आपलं अंगण. माणसाला सामान उचलायला वेळ मिळायचा. या वेळी पाणी वरून आलं. माळावरून, नव्या वसाहतीच्या रस्त्याने, एखादी बैलगाडी उतारावर सुटावी तसं. तांबडं, मुरमाने भरलेलं. पाऊस पडायला लागला आणि माझ्या हातातला चहा संपायच्या आत ते दारात होतं.

त्या माळावर आपण बोरं वेचायला जायचो, आठवतं? तरवडाची झुडपं, कुसळी गवत, मधेमधे कुणी कोण जाणे कधी रचलेल्या दगडी ताली. तिथेही पाऊस पडायचाच की. पण गवत त्याला धरायचं, ताली अडवायच्या, मुरूम पिऊन घ्यायचा, आणि उरेल ते पाऊस थांबल्यावरही किती तरी वेळ एका बारीक ओहळाने खाली येत राहायचं. त्या ओहळात माय धुणं धुवायची, इतकं ते स्वच्छ असायचं. मग दोन वर्षांपूर्वी सरकारने भूमिहीनांना घरासाठी प्लॉट दिले. माळ सपाट केला, गवत खरडून काढलं, मुरूम टाकून रस्त्यांवर रोलर फिरवला, तालींचे दगड लोकांच्या घरांच्या पायात गेले. आता तिथे पत्र्याची घरं आहेत आणि चोपलेली अंगणं आहेत. पाऊस तेवढाच आहे, दादा. पाणी वाढलं.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्या दिवशी प्लॉट मिळाले त्या दिवशी माय माळावर जाऊन नुसती उभी राहिली होती, आठवतं ना? तिथून तिला अख्खं गाव खाली दिसत होतं. आपली माणसं पिढ्यान्पिढ्या गावाच्या उतारावर राहिली, जिथे साऱ्या गावाच्या मोऱ्या येऊन मिळतात. उंचावरची जागा आपल्याला पहिल्यांदा मिळाली. ती कुणीही सोडू नये असंच मला वाटतं. पण सगळ्यांना प्लॉट पुरले नाहीत. निम्मी घरं खालीच राहिली. आणि आता वरच्यांचं पाणी खालच्यांच्या घरात शिरतंय. वरचे कोण आणि खालचे कोण, तर एकाच आईची लेकरं.

दिवाळीत तू आणि वहिनी पाया खणायला आलात ते दिवस मला सारखे आठवतात. चिठ्ठ्यांमध्ये आपल्याला खालचा कोपऱ्याचा प्लॉट निघाला म्हणून तू किती खूश होतास. दोन्हीकडून रस्ता, म्हणजे पुढेमागे वहिनीला दुकान टाकता येईल. तू चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खोल्या आखल्यास आणि "ही मनूची, हितं तिचं टेबल" म्हणालास. वहिनीने विचारलं, "आन मनूताईचं लगीन झालं की?" तू म्हणालास, "मंग तिच्या पुस्तकांची." पोरं सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या चराच्या ह्या काठावरून त्या काठावर उड्या मारत होती. वसाहतीची वरची घरं मुरमावर आहेत, पण आपला कोपरा काळ्या मातीत येतो, म्हणून पाया खोल न्यावा लागत होता. कमरेइतकं खणूनही मुरूम लागला नाही आणि तुझी रजा संपली. उन्हाळ्यात येतो म्हणालास. साहेबांनी रजा दिली नाही. पाया तसाच उघडा राहिला.

तू गेल्यावर इथे काय काय झालं ते मी तुला पत्रातून तुकड्या-तुकड्याने लिहिलंच आहे, पण मी ते थट्टेवारी लिहायचे. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मागच्या वर्षी, वसाहतीत थोडीच घरं होती तेव्हाही, वरून थोडंसं पाणी खाली येऊन गेलं होतं. यंदा घरं वाढली. शाळेत मी सहावीला जमिनीचे प्रकार शिकवते, पाणी कसं मुरतं आणि कसं वाहतं ते फळ्यावर काढून दाखवते, आणि घरी येऊन गप्प बसते, हे मला बरं वाटेना. म्हणून फेब्रुवारीत ग्रामपंचायतीच्या सभेत मी दोन घमेली घेऊन गेले. दोन्हींच्या कडेला, माती जिथवर भरायची त्या उंचीवर, खिळ्याने भोकं पाडलेली आणि भोकांखाली ताट. एकात माळाच्या शिल्लक तुकड्यातलं गवत मातीसकट खणून बसवलं होतं, दुसऱ्यात रस्त्याचा मुरूम धुमसाने चोपून घट्ट केला होता. दोन्हींवर एकेक तांब्या पाणी ओतलं. गवताच्या घमेल्यातून बऱ्याच वेळाने दोन घोट आले. चोपलेल्या मुरमावरून जवळजवळ अख्खा तांब्या ताटात आला, तोही लगेच. मी म्हणाले, माळाचं पाणी माळावरच थांबवायला हवं. बायनाबाईंचा मुलगा आश्रुबा, ज्याचं घर आता वर आहे, तो उठला आणि म्हणाला, "मंग बाई, आमी पत्र्यावर गवत लावावं का? आन रोज पानी मारावं का?" सगळी सभा हसली. सरपंच भगवानराव तर डोळे पुसायला लागले. "पोरी, पानी काय कोंबड्या हाय का, सांजच्याला डालून ठिवायला?"

मीही हसले, दादा. नाही हसले असते तर रडले असते. पण त्या सभेला जिंतूरहून ओव्हरसियर आले होते, सूर्यभान नावाचे. नवेच लागलेत, साधारण माझ्याच वयाचे. ते हसले नाहीत. ते घमेल्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा ओता." मग तेच म्हणाले की प्रत्येक घरामागे दगडांनी भरलेला खड्डा केला तर पत्र्याचं आणि अंगणाचं पाणी तिथल्या तिथे मुरेल, शिवाय रस्त्याच्या वरच्या बाजूला आडवे चर खणता येतील. दुष्काळात आपल्या माणसांनी बांधाची एवढी कामं केली आहेत की चर म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. लोकांनी खड्डे केले. कुरकुर करत केले, पण केले. लक्ष्मीबाई नावाची एक बाई आहे वर, तिने खणता खणता मला ऐकवलं, "मास्तरीनबाई, तुमचं काय, तुमी बोलून मोकळ्या. हितं फोड आले हाताला." मग मीही तिच्यासोबत खणलं. माझ्या हाताला फोड आलेले बघून तिला फार समाधान वाटलं.

वैशाखात, बुद्धजयंती झाल्यावर, खड्ड्यांची परीक्षा ठरली. खालच्या रांगेतला एक खड्डा निवडला, कारण तिथे लिंबाची सावली होती आणि सरपंचांना ऊन सोसत नाही. बैलगाडीवरून पाण्याचे बॅरल आणले आणि रिकामे केले. दादा, ते पाणी कुठे गेलं ते कळलंही नाही. एक बॅरल गेलं, दुसरं गेलं. खड्डा कोरडा! पोरांनी टाळ्या वाजवल्या, भगवानरावांनी गूळ-खोबरं वाटलं. सूर्यभान यांचा चेहरा फुलून आला होता. मलाही वाटलं, झालं, जिंकलो आपण.

आता तू शेतात राबलेला माणूस आहेस, तुला वाचतानाच कळलं असेल. खालची रांग काळ्या मातीत आहे. वैशाखात काळी मनगटभर भेगाळलेली असते. ते पाणी खड्ड्याने नाही, भेगांनी प्यालं. काळी एकदा भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग ती थेंब आत घेत नाही. हे मी फळ्यावर लिहून देते. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या ते हाडात आहे. म्हणून तर पेरणी कधी करायची, औत कधी घालायचं हे सगळं ठरतं. तरी त्या दिवशी एकालाही आठवलं नाही. मी खूप विचार केला असं का झालं असेल. मला वाटतं, खड्डा योजनेतला होता म्हणून. शेतातली माती वेगळी आणि सरकारी कामातली माती वेगळी असं आपण सगळेच नकळत धरून चालतो.

मृगाचा पहिला बरा पाऊस झाला तेव्हा खाली पाणी आलं नाही. सगळी वस्ती मला शाबासकी द्यायला आली. लक्ष्मीबाई वरून खाली आली आणि म्हणाली, "फोड आले त्याचं चीज झालं बगा." बायनाबाईंनी माझी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी मी वर चक्कर मारली. मुरमावरचे खड्डे रिकामे होते, छान काम करत होते. पण खालच्या रांगेतले सगळे तुडुंब भरलेले. बेडकं डरावत होती. एक पोरगं त्यात कागदाची होडी सोडून बसलं होतं. ते खड्डे पहिल्या सरीतच भरून गेले असणार. मग पुढचं सगळं पाणी गेलं कुठे, खाली का आलं नाही, हे मला त्या दिवशी उमगलं नाही. बस चुकेल म्हणून मी निघून गेले.

चारच दिवसांनी पुन्हा पाऊस आला आणि बायनाबाईंची भिंत गेली. दुपारची वेळ होती. त्या घरातच होत्या, पण पलीकडच्या कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या, म्हणून वाचल्या. आम्ही धावत गेलो तेव्हा त्या चिखलात सूप छातीशी धरून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "गावाचं घान पानी येत व्हतं तवा शिव्या द्यायला तोंड तरी व्हतं गं. आता वर माझंच लेकरू हाय. कुनाला शिव्या द्यू?" तेवढ्यात आश्रुबा वरून पळत आला. त्याने ते ऐकलं असावं. आईला पाठीवर घेतलं आणि आपल्या ओसरीवर नेऊन बसवलं. रात्री त्यांना म्हणे तिथे झोप लागेना, पत्र्याचा आवाज होतो म्हणून. आता त्या दिवसा येऊन पडक्या भिंतीपाशी बसतात आणि सांजेला आश्रुबा त्यांना न्यायला येतो. सभेत माझी टर उडवणारा हाच आश्रुबा दुसऱ्या सकाळी आपला खड्डा आणखी खोल करत होता. मी तिथून गेले तर मान वर न करता म्हणाला, "बाई, शेजाऱ्याला पन सांगतो म्या."

त्या दिवसापासून पुन्हा सभा सुरू झाल्या. भगवानराव मनाचे वाईट नाहीत. त्यांनी स्वतःहून सांगितलं की माझ्या शेतातून नाली काढा, पाणी वस्तीला वळसा घालून ओढ्यात जाऊ द्या. फुकट जमीन देत होते. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण नाली जिथे संपते तिथे सटवाजीने कपाशी टोबली आहे. वसाहतीचं एवढं पाणी एका वेळी तिथे पडलं तर त्याचं रान वाहून जाईल. सटवाजी तिथेच बसला होता. तो म्हणाला, "टाका माझ्या अंगावर. माझ्या खाली कोन हाय ते बी इचारून घ्या, म्हंजी मला पुढं ढकलाया बरं." मला त्या माणसाचं फार पटलं. पाणी पुढे ढकलत न्यायचं म्हटलं तर कुठे थांबणार? ते जिथे वाढलं तिथेच कमी करायला हवं, आणि जे कमी होत नाही त्याला तिथेच थोडा वेळ बसवून ठेवायला हवं. घाईघाईने नको, दमादमाने जाऊ द्यायचं. पूर्वी गवत तेच करत होतं.

परवा उघडीप होती तेव्हा मी आणि सूर्यभान पाणी कुठून कसं येतं ते बघत वरून खाली चालत आलो. (लक्ष्मीबाईने दारातून आवाज दिला, "बाई, ओवरशेरासंगं कुटं निगाल्या?" तुझ्या कानावर हे आलं तर असं होतं ते. मायने तर त्यांचं गाव, घर सगळं विचारून घेतलंय. तिला समजाव.) खाली आलो आणि आपल्या घराच्या उघड्या पायापाशी थांबलो. चर काठोकाठ भरलेला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी तिथेच येतं, दादा, आपल्याच कोपऱ्यात. मृगाच्या पहिल्या पावसात वस्ती कोरडी राहिली ती खड्ड्यांमुळे नाही. तू आणि वहिनीने खणलेल्या पायाने ते पाणी धरलं होतं. आणि दुसऱ्या पावसात वस्ती बुडाली, कारण काळ्या मातीने ते पाणी सोडलंच नव्हतं, चर आधीच भरलेला होता, म्हणून नवं पाणी वरून निघून गेलं. मी हे मोठ्याने बोलले. सूर्यभान यांना ते माझ्या आधी दिसलं असावं; ते चपलेचा चिखल काढत उभे राहिले. मग म्हणाले की इथे मोठं तळं खणलं, आणि त्याला खालच्या बाजूने दगड रचून एक बारीक तोंड ठेवलं, तर पाणी भरेल भराभर आणि जाईल हळूहळू. दोन पावसांच्या मधे ते रिकामं होऊन पुढच्या पावसाला तयार राहील. वर मुरमावरचे खड्डे आहेतच, तिथे आणखी करता येतील. ही दोन्ही मिळून आपली वस्ती वाचेल, सटवाजीचं रानही वाचेल. मी विचारलं, दुसरी कुठली जागा? ते म्हणाले, "मी सगळीकडे पाहून आलो. पलीकडे खडक आहे, वर उतार आहे, खाली तुमचीच घरं आहेत." नंतर हळूच म्हणाले, "मला वाटलं होतं दुसरी निघेल."

काल सभेत त्यांनी कोळशाने जमिनीवर वसाहत काढली आणि आपल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आश्रुबा म्हणाला, "बाई, तुमी खड्डे करा म्हनलात, आमी केले. ह्ये मातर आमी न्हाई म्हनू शकत तुमाला." बायनाबाई दारातूनच तुझं नाव घेऊन ओरडल्या, "भुजंगाला न्हाई इचारायचं! त्यानं स्वोताची शाळा सोडून पोरीला शिकवलं, तेवढं पुरं झालं. म्या जाते कुटं बी." मी सांगितलं की प्लॉट दादाचा आणि वहिनीचा आहे, त्यांना विचारल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. भगवानराव म्हणतात दुसरा प्लॉट देऊ. ते मनापासून म्हणतात, पण कुठे आणि कधी हे त्यांनाही माहीत नाही, आणि नुसत्या शब्दावर भरवसा ठेव असं मी तुला सांगणार नाही. माय सकाळी भाकरी थापताना म्हणाली, "इचार त्याला. पर गावाचं काम हाय म्हनून इचारू नको. दादा, आपलं घर हाय, म्हनून इचार." म्हणून तसं विचारते. दादा, आपलं घर आहे. वहिनीचं दुकान आहे, पोरांचं अंगण आहे, आणि तू आखलेली माझी खोली आहे, जी मला हवी आहे, खरंच हवी आहे. ते सगळं आपण तळ्याला द्यायचं का? पेरण्या उरकल्या आहेत, तुम्ही आल्यावरही आठवडाभर माणसं मोकळी असतील, पुढच्या मोठ्या पावसाआधी खणून होईल. पण तू नाही म्हणालास तर मी सभेत उभी राहून सांगेन की मनकर्णा नाही म्हणते. तुझं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही, आणि माझ्या मनातही तुझ्याबद्दल काही येणार नाही, एवढी तरी तू मला ओळखतोस. पत्राने उत्तर पाठवू नकोस. शनिवारच्या पॅसेंजरने परभणीला या आणि तिथून जिंतूरची एसटी धरा, वहिनीला आणि पोरांना घेऊनच या. उत्तर काहीही असलं तरी माय धपाटे करणार आहे. दोघं पायाच्या चराच्या काठावर उभे राहा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते नीट बघा, एकमेकांशी बोला. आणि मग माझ्याकडे न बघता सांगा.

तुझीच,
मनू